माजी सैनिक आणि बिहेव्हिअरल न्यूरोसायन्स: प्रवेश घेताना या चुका टाळा

पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून नौदलातून बाहेर पडलेला माणूस मुंबईतच स्थिरावला, की पस्तिशीच्या आसपास पुढच्या शिक्षणाचं मनावर घेतो. काहींना त्यात बिहेव्हिअरल न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध शोधणारं शास्त्र, खुणावतं. 'व्हेटरन-फ्रेंडली' (माजी सैनिकांना सोयीचं) म्हणून शोधलं की अमेरिकी विद्यापीठांच्या याद्या समोर येतात. त्यामागे तिथलं जीआय बिल आहे: अमेरिकी सैनिकाची फी त्यांचं सरकार भरतं. आपल्याला ते लागू नाही, तेव्हा त्या याद्या बाजूला ठेवा.

सेवेचं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे

दहावी पास जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळणारं 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' केंद्राच्या गट क नोकऱ्यांसाठी पदवीसमान धरतात. पदव्युत्तर प्रवेशाला ते चालत नाही. नोकरीत असताना दूरशिक्षणाने बीए केलं असेल तर मानसशास्त्राचं किंवा कॉग्निटिव्ह सायन्सचं (विचार, स्मृती, आकलन यांचा अभ्यास) दार ठोठावा. गांधीनगरची आयआयटी, अलाहाबाद विद्यापीठ इथे वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर येतात. कुलाब्यात नेव्ही नगरला लागून असलेल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीवशास्त्र विभागाला मात्र विज्ञानाची पक्की बैठक लागते, आणि प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात असते. जूनमध्ये निकाल पाहून जागे झालात तर वर्ष गेलंच.

सवलती बहुतेक मुलांसाठी

पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या पाल्यांना आणि विधवांना असते, स्वतः माजी सैनिकाला नाही. त्यातही एमबीए, एमसीए सोडून मास्टर्स बसत नाही. राज्याच्या सीईटी प्रवेशातले डिफेन्स कोटेही मुलांचेच. कॉलेजच्या कार्यालयात 'डिफेन्स कोटा आहे का?' असं मोघम विचारलं की 'हो' येतं आणि माणूस निर्धास्त होतो. विचारायचं ते असं: 'स्वतः माजी सैनिक उमेदवार असेल तर कोणत्या नियमाने?' नियमाचा कागद हातात घ्या.

वयाचं गणित

यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफची (संशोधन करताना मिळणारी फेलोशिप) वयोमर्यादा ३० आहे. सैन्यसेवेच्या कालावधीनुसार ५ वर्षांपर्यंत सूट मिळते, पण सगळ्या सवलती मिळूनही ५ वर्षांच्या वर जात नाही. ओबीसीची ५ आणि सैन्याची ५ अशी बेरीज करून चाळिशीपर्यंत निर्धास्त राहू नका. ३५ उलटले असतील तर दरमहा ३७,००० रुपयांची ही फेलोशिप हिशेबातून काढा. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेटला मात्र वयाची अट नाही. टीआयएफआरसारख्या ठिकाणी पीएचडीला प्रवेश मिळाला तर विद्यावेतन संस्थाच देते.

ज्यांना सेवेत अपंगत्व आलं, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सेवेतून बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्डाने दिलेले अपंगत्वाचे टक्के कॉलेजात चालत नाहीत. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढा. त्यावर ४० टक्के किंवा जास्त असतील, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सरकारी व अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, शिवाय वयात ५ वर्षांची सूट.

सर्वांत महाग चूक

'सोबत्यांचा मानसिक त्रास पाहिलाय, त्यावर काम करायचंय' असं म्हणत बरेच जण या विषयाकडे वळतात. हेतू चांगला, पण दार चुकतं. न्यूरोसायन्सची पदवी घेऊन समोर रुग्ण बसवता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते, तो अभ्यासक्रमच वेगळा.

न्यूरोसायन्सच्या प्रयोगशाळेतलं काम कसं असतं? उंदराला एक सूर ऐकवायचा, पायाला हलका शॉक द्यायचा. दुसऱ्या दिवशी नुसता सूर, आणि तो किती सेकंद थिजून बसतो ते व्हिडिओवर मोजायचं. मग शॉकविना सूर पुन्हा पुन्हा ऐकवून ती भीती ओसरते का, हे पाहायचं. शेवटी प्राणी मारून मेंदूचे साधारण ४० मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. अर्ज भरण्याआधी परवानगी घेऊन एक-दोन दिवस प्रयोगशाळेत बसा. प्राणी मारणं जमणार नसेल, तर माणसांवर ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतले विद्युत संकेत मोजणं) करणारी लॅब शोधा.

प्राध्यापकाला मेल

रँक आणि पदकं पहिल्या ओळीत नकोत. सोनार-रडारवर काम केलं असेल तर ते लिहा. गोंगाटातून खरा सिग्नल ओळखण्याचं जे गणित मानसशास्त्राच्या प्रयोगांत वापरतात, ते १९५० च्या दशकात रडारच्याच कामातून तिथे आलं. त्या प्राध्यापकांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीवर प्रश्न विचारा आणि विद्यार्थ्यांना पदवी पूर्ण करायला सरासरी किती वर्षं लागतात, हेही विचारून घ्या.