मोरीपासून कमानीपर्यंत: घाटातल्या मीटरगेजचे पूल कसे आखायचे

मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही मीटरगेज १८८८ पर्यंत पुरी झाली. आज तिथे ब्रॉडगेज आहे. कुळ्याहून वर चढताना ३७ ला १ चा चढ लागतो. दूधसागरच्या कमानींचे फोटो सगळेच काढतात, पण त्याच घाटात रुळांखालून गेलेल्या मोऱ्या कोणी मोजत नाही. पूल आखणाऱ्याने मात्र सुरुवात मोरीपासून करावी. घाटात मोठा पूल क्वचित दगा देतो. वाहून जाते ती मोरी, आणि तिच्याबरोबर भराव.

दगड, चुना आणि घडीव लोखंड एवढ्याच सामग्रीवर असा मार्ग आखायचा तर काय क्रमाने करावे, ते पुढे दिले आहे. जुन्या पुलांची पाहणी करणाऱ्यांना हाच क्रम उलट्या बाजूने उपयोगी पडेल.

पाणी

आखणीच्या खुंट्या हिवाळ्यात ठोका, पण पाणी जुलैतच बघा. डिसेंबरात ज्या व्हाळात (डोंगरातल्या ओढ्यात) गुडघाभर पाणी नसते, तोच जुलैत ओंडके घेऊन उतरतो. पुराच्या खुणा व्हाळाच्या दोन्ही काठांवर शोधा: बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा, बांबूच्या बेटात रुतलेली लाकडे, खडकावरची गाळाची रेघ. पुलाच्या जागी एक, ५० मीटर वर एक आणि ५० मीटर खाली एक, अशा तीन ठिकाणच्या खुणांची पातळी दुर्बिणीने घ्या. तीन आकडे एका उतारात बसले नाहीत तर एखादी खूण खोटी समजा. बहुतेक वेळा खाली झाड आडवे पडून पाणी तुंबलेले असते.

मग रानात राहणाऱ्या धनगर-कुणब्यांना विचारा. ‘पाणी कुठवर येते’ असे विचारले तर दरवर्षीचे पाणी सांगतील. ‘तुझ्या आठवणीत सगळ्यात मोठे पाणी कुठवर आले, आणि त्या वर्षी काय वाहून गेले’ असे विचारा. गोठा किंवा साकव गेलेले वर्ष माणूस विसरत नाही.

पूर किती येईल ते सांगणारी सूत्रे त्यानंतर. डिकन्स यांचे सूत्र १८६५ चे. पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा पाऊण घात घेऊन त्याला गुणांक लावायचा. १२ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला ११.४ हा गुणांक लावला तर सेकंदाला सुमारे ७३ घनमीटर येतात. पश्चिम घाटातल्या पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांसाठी इंग्लिस यांचे सूत्र पुढे विसाव्या शतकात आले: चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्रफळाला १२४ ने गुणा आणि क्षेत्रफळ अधिक १०.४ याच्या वर्गमुळाने भागा. त्याच १२ चौरस किलोमीटरला हे सूत्र ३१४ देते. फरक चौपटीहून जास्त. परमुलखातला गुणांक इथे आणला की पुलाचे गाळे (खांबांमधल्या मोकळ्या जागा) अपुरे पडतात ते असे. सूत्र आणि खूण जुळली नाही तर खुणेवर विश्वास ठेवा.

मोरी

मोरीचा हिशेब लहान असतो, म्हणून तो अंदाजाने उरकला जातो. तसे करू नका. समजा, वरचा पाणलोट ०.६ चौरस किलोमीटर आहे, ताशी १२० मिलिमीटर पाऊस धरला आणि जमीन खडकाळ म्हणून ०.८ भाग पाणी वाहून येईल असे धरले. मग ०.२७८ × ०.८ × १२० × ०.६, म्हणजे सेकंदाला १६ घनमीटर. तोंडाशी सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर पाण्यालाच ५.३ चौरस मीटर जागा हवी. ३ मीटर रुंदीत ते १.८ मीटर उंच चढेल. त्यावर ओंडका पार व्हायला मोकळी जागा हवी, म्हणून गाळा ३.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच करा. हिशेब कितीही लहान आला तरी माणूस आत शिरून गाळ काढू शकेल यापेक्षा लहान मोरी घाटात बांधू नये.

दोन व्हाळ चरातून एकत्र आणून एका मोरीत सोडायचा मोह होतो, कारण दगडकाम वाचते. पण डोंगराच्या कडेने काढलेला चर पहिल्याच मोठ्या पावसात दरडीने भरतो आणि पाणी रुळांवर चढते. व्हाळ जिथे उतरतो तिथेच मोरी ठेवा, तिरकी पडली तरी चालेल. तिरक्या मोरीला दगड घडवण्याचे काम वाढते, एवढेच.

तोंडापेक्षा शेपटीकडे जास्त लक्ष द्या. वरून आलेले पाणी मोरीच्या गुळगुळीत फरशीवर वेग घेते आणि खालच्या बाजूला धारेसारखे पडून भरावाचा पायथा पोखरते. पोखरण मागे सरकत मोरीच्या फरशीखाली येते. वरून सगळे ठाकठीक दिसते, आणि एका रात्री फरशी खचते. म्हणून फरशीच्या शेवटी दीड मीटर खोल आडवी भिंत खडकापर्यंत न्या आणि तिथून नैसर्गिक व्हाळापर्यंत दगडी पायऱ्या करा. तोंडाच्या वर २०-३० मीटरवर जुने रूळ उभे रोवून ओंडके अडवा. जाळी मोरीच्या तोंडाला लावू नका. ती पाल्याने बुजली की भरावाचे धरण होते, आणि भराव धरण म्हणून बांधलेला नसतो.

दगड, चुना, कमान

वळणावरच्या खोल दरीला कमानींचा पूल का, तर वळणात गर्डर (लोखंडी तुळई) सरळ असतो आणि रूळ वाकडा. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर १८ मीटरचा गर्डर ठेवला तर मध्यभागी रूळ जिवेपासून २० सेंटिमीटर बाजूला जातो. एका गर्डरवर भार जास्त येतो. बाहेरचा रूळ उचलायचा तर स्लीपरखाली लाकडी तुकडे घालावे लागतात. कमानीवर गिट्टी असते, त्यामुळे रूळ हवा तसा वळवता आणि उचलता येतो. शिवाय कमानीचे वजन एवढे असते की उतारावर ब्रेक लावत येणाऱ्या गाडीचा रेटा तिला फारसा जाणवत नाही.

कमानीच्या जाडीसाठी अभियंते रँकिन यांचा नियम पुरेसा आहे. एकट्या कमानीसाठी त्रिज्येला (फुटांत) ०.१२ ने आणि ओळीतल्या कमानीसाठी ०.१७ ने गुणून वर्गमूळ घ्या. ३० फुटांच्या अर्धवर्तुळाकार गाळ्याची त्रिज्या १५ फूट, म्हणजे माथ्याची जाडी एकट्या कमानीला १.३४ फूट आणि ओळीतल्या कमानीला १.६ फूट. खांब कमान सुटते तिथे गाळ्याच्या सहाव्या भागाएवढा, म्हणजे ५ फूट ठेवा. दर पाच-सहा गाळ्यांनंतर एक खांब जाड घ्या, एका बाजूची कमान पडली तरी दुसऱ्या बाजूचा रेटा एकटा पेलेल असा. त्याचा खर्च नकाशात खुपतो, पण एक कमान गेली तर सगळी ओळ पत्त्यांसारखी जाण्यापेक्षा तो बरा.

जांभा हाताशी आहे म्हणून कमानीत वापरू नका. खाणीतून निघताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर कठीण होतो. पंखभिंती (पुलाच्या टोकांना भराव धरणाऱ्या बाजूच्या भिंती) आणि कमी उंचीच्या मोऱ्यांच्या भिंती यांना तो छान चालतो. पण पाण्याच्या पातळीखाली, खांबाच्या पायात, गर्डरच्या बैठकीखाली आणि कमानीच्या कड्यात घाटातला कठीण दगडच हवा. जांभ्याचे चिरे पावसाळा संपल्यावर काढा आणि पुरते वाळल्यावर लावा.

चुन्याची मेख वेगळी आहे. किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना पांढराशुभ्र असतो, भिंती रंगवायला उत्तम, पण पाण्यात तो घट्ट होत नाही. नुसत्या वाळूत मिसळून पुलाला लावलात तर पहिल्या पावसात सांध्यांतून दुधासारखे पाणी झिरपेल. त्याला सुरखी लागते, म्हणजे नीट भाजलेल्या विटांची पूड. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग नदीची धुतलेली वाळू, असे घाणीत बैलाने दळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा. परीक्षा सोपी: चुन्या-सुरखीचा लाडू वळा, सात दिवस ओलसर ठेवा आणि बादलीत टाका. कडा विरघळल्या तर तो घाणा नदीपात्रात लावू नका. समुद्राची वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी नको.

कमान दोन्ही बाजूंनी सारखी चढवा. कडा भरत गेल्या की सेंटरिंगचा (कमानीखालच्या तात्पुरत्या लाकडी सांगाड्याचा) माथा वर उचलला जातो, म्हणून माथ्यावर आधीच दगड रचून ठेवा आणि गवंडी वर येतील तसे ते काढा. माथ्याचा दगड बसला की सेंटरिंगखालच्या पाचरी किंवा वाळूच्या पेट्या किंचित सैल करा, म्हणजे सांधे दाबले जातात. मग काही आठवडे हात लावू नका. चुना सिमेंटच्या घाईने काम करत नाही. वरच्या भरावाआधी कमानीच्या पाठीवर चुन्याचा जाड गिलावा करा आणि पाणी निघायला भोके ठेवा. आत साचलेले पाणी चुना धुऊन नेते.

खाजनातले पूल

मडगावच्या आसपासच्या सखल भागात अडचण उलटी आहे. पाणी दोन्ही दिशांनी येते. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. तिच्या बांधांत मानस (पाण्याचे दार) असते, भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. रेल्वेचा भराव बांधासारखाच आडवा येतो. त्यात गाळा कमी ठेवला तर पावसाचे पाणी ओहोटीच्या थोड्या तासांत निघत नाही आणि भातशेती बुडते. म्हणून गाळ्याचा तळ ओहोटीच्या पातळीशी जुळवा आणि आखणी बांध सांभाळणाऱ्या गांवकऱ्यांसमोर ठेवा. कुठले मानस कधी फुटले ते त्यांना ठाऊक असते.

चिखलात विहिरीचा पाया घालावा. धारदार कड्यावर दगडी विहीर बांधत, आतला गाळ काढत ती खाली उतरवतात. एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला जांभ्याचा धोंडा लागला की ती कलते. कल दिसताच उंच बाजूने खोदा आणि त्याच बाजूवर वजन ठेवा. उशीर केलात तर सरळ होत नाही. लाकडी खुंट खाऱ्या पाण्यात वापरू नका, जहाजे पोखरणारा किडा तेही पोखरतो.

लोखंड

नदीवरच्या लांब गाळ्यांना घडीव लोखंडाचे गर्डर. त्या काळच्या ब्रिटिश नियमाने ताण चौरस इंचाला ५ टनांवर जाऊ देत नसत. तुकडे बंदरातून बैलगाडीने नेता येतील एवढे मागवा आणि रिव्हेट जागेवर मारा. गार झालेल्या प्रत्येक रिव्हेटवर लहान हातोडी मारून बघा. दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या बोटाला हादरा लागला तर तो सैल आहे, कापून नवा मारा. एक टोक पक्के, दुसरे सरकते ठेवा. ३० मीटरचा गर्डर ३० अंशांच्या फरकात साधारण ११ मिलिमीटर लांबतो. बैठकीत गिट्टीची धूळ अडकली की तेवढी लांबी भिंतीला तडे पाडते.

वेळापत्रक

पायाची खोदाई दसऱ्यानंतर, व्हाळ ओसरताच. डिसेंबरअखेर पाया पाण्यावर यावा, मार्चअखेर कमानी मिटाव्यात, मे महिन्यात फक्त पंखभिंती, फरशी आणि भरावाचे पिचिंग (उतारावरचे दगडी अस्तर). मे महिन्यात सेंटरिंग उभे असेल तर पावसाआधी ते मोकळे करा, किंवा ती कमान सुरूच करू नका. व्हाळात उभे लाकूड पुराला आयते धरायला मिळते.

पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक मोरीवर रात्री कंदील घेऊन माणूस ठेवा. त्याने दोन गोष्टी बघायच्या: पाणी किती चढले, आणि खालच्या बाजूला ते गढूळ येते की वरच्यासारखेच. वर स्वच्छ आणि खाली गढूळ असेल तर भरावाच्या आतून माती जाते आहे. गाडी थांबवायची. सर्वांत मोठ्या पाण्याची पातळी भिंतीवर रंगाने रेघ मारून, शेजारी तारीख लिहून ठेवायची.