काकांचा पाळणा उतरवायचाय, त्याआधीची तयारी

तर ठरलंय, यंदा नाशिकला कालिकेच्या यात्रेत काकांचा लाकडी आकाशपाळणा शेवटचा फिरणार, खंडेनवमीच्या रात्री, आणि दसऱ्याला सकाळी उतरवायचा. ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारतंय काय आणू, कधी येऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, नीट वाचा आणि परत फोन करू नका.

सगळ्यात आधी भेगेचं. एका खांबाला वरती, जिथे आस बसते तिथेच भेग गेलीये, ओझरच्या यात्रेवरून आणला तेव्हा दिसली. काकांनी पट्टी मारून घेतलीये पण इंजिनिअर म्हणाला मोठी माणसं बसवू नका, आणि त्याचं बरोबरच आहे, त्यामुळे रडारड करायची नाही, त्या रात्री फक्त पोरं बसणार, एका पेटीत दोन, चार पेट्या, म्हणजे एका फेरीला आठ. तुमचं वजन सत्तर-ऐंशी किलो आणि तुम्हाला आठवणी येतायत हे मला मान्य आहे, खाली उभं राहून येऊ द्या. सकाळी कोणीतरी ओळंबा लावून खांब सरळ आहेत का बघायचं आणि पायाखालच्या फळ्या हलत नाहीत ना ते, कारण परतीचा पाऊस असतो आणि तिथली माती एका सरीत लोण्यासारखी होते. जाड प्लास्टिक दोन मोठे तुकडे लागतील, ते कोणाकडे आहे सांगा.

ग्रीसचा डबा मी आणतोय. काका म्हणतात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात तशी आसाची करायची, दोन्ही टोकांना, हाताने, ब्रशने नाही. जुने कपडे घालून या मग.

आता धक्का मारायला कोण. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळे हे हसण्यावारी नेतायत. मोटर नाहीये याला, खालून येणारी पेटी पकडून ओढायची आणि सोडायची, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, लय चुकली की पेटी सरळ छातीवर येते. जिमला जाणारा ताकद लावतो आणि दहा मिनिटांत बसतो, ताकदीचं काम नाहीये ते, टायमिंगचं आहे. दोन दिवस आधी येऊन रिकाम्या पाळण्यावर हात बसवून घ्या. आणि भरताना एक पेटी भरली की अर्धा फेरा देऊन समोरची भरायची, मग उरलेल्या दोन, नाहीतर जड बाजू आपोआप खाली येते आणि कोणाच्या बापाला थांबत नाही. उतरवतानाही तसंच, समोरासमोर. काकांनी हे मला आठवीत असताना एक कानाखाली देऊन शिकवलंय, विसरणार नाही.

गाडी मुंबई नाक्याकडे आणूच नका, बॅरिकेड असतात आणि पार्किंगच्या नादात तुमचा शेवटचा फेरा चुकेल, सिटीलिंकच्या बसने या किंवा गोल्फ क्लबकडून चालत या. खाण्याचं म्हणाल तर अर्ध्यांचे उपास आहेत, त्यांना साबुदाणा वडे घरून येतायत, बाकीच्यांनी चुरमुऱ्याचा भत्ता आणि पाववडा तिथेच घ्या. गोडीशेव मात्र दोन किलो जास्तीची घ्यायची, शेवटच्या फेरीनंतर पोरांना वाटायला.

खंडेनवमीची पूजा संध्याकाळीच उरकायची, हातोडा, पाने, दोरखंड, तिकिटाची पेटी सगळं मांडून. झेंडू आदल्या दिवशी घ्या, त्या दिवशी भाव ऐकून चक्कर येते.

उतरवायचं काम दसऱ्याला सहा वाजता. आधी चाकाला दोन्हीकडून पाचर मारायची, मगच पेट्या काढायच्या. खडूने नाही, ऑइलपेंटने प्रत्येक लाकडावर नंबर टाका, पुन्हा जोडायचा नसला तरी. आस सगळ्यात शेवटी, आठ माणसं लागतात आणि आठच्या आठ वेळेवर लागतात. कोणतं लाकूड कोणाकडे हे आधीच ठरवा म्हणजे ट्रॉलीपाशी भांडणं नकोत. भंगारवाल्याला फक्त लोखंड द्यायचं. एक पेटी आमच्या अंगणात येतेय, त्यावर चर्चा नाही.

दादा म्हणत होता एवढा सोहळा कशाला, विकून मोकळे व्हा. अरे, शिकागोला १८९३ साली फेरिस नावाच्या इंजिनिअरने पहिला भला मोठा पाळणा उभा केला, २६४ फूट, ३६ डबे, एका वेळी २१६० माणसं, आणि १९०६ ला त्याला चक्क सुरुंग लावून पाडला. एस्सेलवर्ल्ड २०२२ ला बंद झालं तेव्हा आपल्याला कळलं ते पेपरात, बोरिवलीहून बोटीने गेलेली शाळेची सहल तेवढी डोक्यात राहिली. आपला तर उण्यापुऱ्या वीस फुटांचा आहे, एक रात्र थांबलो तर काय बिघडतं.

राहिलं एक. काकूंनी लग्न झाल्यापासून या पाळण्याची तिकिटं फाडलीत आणि एकदाही बसल्या नाहीत, गरगरतं म्हणतात. इंजिनिअरला विचारून घेतलंय, त्यांचं वजन पंचेचाळीस, समोरच्या पेटीत दोघांचं मिळून तेवढंच वजन होईल अशी दोन पोरं बसवली की चालेल, एकच फेरा, अगदी हळू. त्यांना आधी सांगायचं नाही, गल्ला कोणीतरी हातातून काढून घ्यायचा आणि बसवायचं. लिंबू आणि आवळासुपारी मी खिशात ठेवतो, धक्का काका देणार आहेत.