कुत्र्याच्या गोचिडांचा बंदोबस्त: अंगापेक्षा भिंतीकडे बघा

कुत्र्याच्या अंगावरून रोज दहा-पंधरा गोचीड काढायचे, आंघोळ घालायची, पावडर लावायची आणि चार दिवसांनी परत तेच. बहुतेक घरांत गोचिडांशी लढाई अशीच चालते आणि ती कधी संपत नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते एकूण गोचिडांपैकी थोडेच असतात. बाकीचे घरात, गॅलरीत, जिन्यात, पार्किंगच्या खांबाच्या भेगेत बसलेले असतात. त्यामुळे अंग कितीही साफ केलं तरी घर त्यांचंच राहतं.

आधी प्राणी ओळखून घ्या. घरातल्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांवर सापडतो तो तपकिरी गोचीड. पूर्ण वाढलेल्याला आठ पाय असतात. नात्याने तो कोळी-विंचवांचा, पिसवांशी त्याचा काही संबंध नाही. त्याला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही, तो फक्त चढतो. अंडं, सहा पायांची बारीक पिल्लं, आठ पायांची मधली अवस्था आणि मग पूर्ण गोचीड असे त्याचे चार टप्पे. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक टप्प्यात तो एकदाच कुत्र्यावर चढतो, काही दिवस रक्त पितो आणि खाली उतरतो. खाली उतरल्यावर भेगेत शिरून कात टाकतो आणि पुढच्या जेवणाची वाट बघतो. पूर्ण वाढलेला गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरतो. म्हणून सुट्टीत घर महिनाभर बंद ठेवलं की गोचीड मरतील, हा हिशेब चुकतो.

एरंडाच्या बीएवढी फुगलेली, राखाडी दिसते ती मादी. ती खाली उतरून भिंतीच्या फटीत अंडी घालते, तीही हजारांनी. अंडी घालून झाली की ती मरते. या जातीला वर चढायची खोड आहे, त्यामुळे नुसती फरशी बघून भागत नाही. दाराची चौकट, स्कर्टिंगची फट, पडद्याच्या घड्या, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, स्विचबोर्डाची कड, कुंडीखालची थाळी या जागा टॉर्च घेऊन बघा. आपल्या हवेत हे चक्र दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतं आणि ते घराच्या आतच पूर्ण होऊ शकतं. फ्लॅटमधला कुत्रा बाहेर जात नाही म्हणून त्याला गोचीड होणार नाहीत, असं काही नाही.

अंगावरचा गोचीड काढताना

फिरून आल्यावर कुत्र्याला रोज हाताने चाचपायची सवय लावा. आधी कानाच्या आत आणि कानामागे, मग पट्ट्याखाली, काखांत, जांघांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली आणि पापण्यांवर. बेचक्या बहुतेक जण विसरतात, आणि गोचीड तिथे हमखास सापडतात. एक सावधगिरी: पोटावर दोन रांगांत बारीक गाठी लागल्या तर त्या स्तनाग्रं आहेत. ती नर कुत्र्यालाही असतात. गोचीड समजून ती ओढणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं. शंका आली तर केस बाजूला करून पाय दिसतात का बघा.

काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरायचा चपट्या टोकाचा चिमटा इथे कामाचा नाही, त्याने पोट दाबलं जातं. गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, सावकाश, एकसारख्या जोराने ओढा. झटका देऊ नका. या जातीचं तोंड आखूड असल्यामुळे गोचीड सहसा अखंड निघतो. टोक आत राहिलंच तर उकरत बसू नका, दोन-चार दिवसांत ते आपोआप बाहेर पडतं. जागेला पोव्हिडोन आयोडीन लावा. ती जागा सुजली, पू झाला तरच डॉक्टरांना दाखवा.

काडी पेटवून चटका देणं, रॉकेल, खोबरेल, नेलपॉलिश लावणं हे सगळे उपाय उलटे पडतात. त्रास झालेला गोचीड पटकन सुटत नाही आणि चिकटलेला असतानाच लाळ व पोटातलं रक्त परत कुत्र्याच्या अंगात सोडण्याचा धोका वाढतो. आजाराचे जंतू त्यातूनच जातात. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, त्याचं रक्त आपल्या नखांच्या भेगांत कशाला? बेसिनमध्येही सोडू नका, पाण्यात तो खूप वेळ जिवंत राहतो. झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिट भरून ठेवा आणि त्यात टाका.

औषध कोणतं, आणि ते का फसतं

सध्याची सगळ्यात भरवशाची औषधं म्हणजे चघळायच्या गोळ्या: अफोक्सोलॅनर महिन्यातून एकदा, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवड्यांतून एकदा. या गोळ्या गोचिडाला अंगावर चढण्यापासून रोखत नाहीत. तो चढतो, चावतो आणि मग मरतो. त्यामुळे गोळी दिल्यावर आठवडाभर अंगावर गोचीड दिसले तरी औषध खोटं निघालं असं समजू नका. दिसलेला गोचीड सुकलेला आणि चपटा आहे की फुगत चालला आहे, ते बघा. फुगलेले मिळत राहिले तरच काळजी करा.

इथे एक गोष्ट लक्षात आली की सगळं सोपं होतं. गोळी घेतलेला कुत्रा म्हणजे घरातला चालता-फिरता सापळा. भिंतीतले गोचीड कधी ना कधी त्याच्यावर चढणार आणि मरणार. खंड न पडता चार-सहा महिने औषध चालू ठेवलं तर घर आपोआप रिकामं होत जातं. म्हणूनच ‘आता दिसत नाहीत’ म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळी थांबवणं ही सगळ्यात महाग बचत आहे. भेगेतली पिढी तोवर कात टाकून तयार असते.

गोळीचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा कुत्र्याचं वजन अंदाजाने सांगू नका. त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना देऊ नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. फ्लुरालॅनर भरल्या पोटी द्या, उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. ज्या कुत्र्याला कधी फिटचे झटके आले आहेत त्याला या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. लहान पिल्लाचं वय पाकिटावर लिहिलेल्या वयाशी ताडून बघा.

मानेवर टाकायचं फिप्रोनिल स्वस्त पडतं आणि अजूनही चालतं, पण ते नीट लावलं तर. 10 किलोपर्यंत 0.67 मिली, 10 ते 20 किलोला 1.34, 20 ते 40 किलोला 2.68 आणि 40 ते 60 किलोला 4.02 मिली. दोन खांद्यांच्या मधले केस फाकवून थेंब कातडीवर पडले पाहिजेत, केसांवर नव्हे. लावण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. दर रविवारी शाम्पूने न्हाऊ घालणाऱ्या घरात हे औषध फसतं आणि दोष औषधाला दिला जातो.

अमिट्राझ हे पाण्यात मिसळून अंगाला लावायचं गोचिडांचं औषध, गोठ्यांमुळे बऱ्याच जणांना माहीत आहे. 12.5 टक्क्यांचं औषध असेल तर गोचिडांसाठी सहसा लिटरला 2 मिली हे प्रमाण बाटलीवर असतं. पण टक्केवारी वेगळी असली की प्रमाणही बदलतं, म्हणून बाटली वाचल्याशिवाय मिसळू नका. पाणी ताजं बनवा, उरलेलं ठेवू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, कुत्र्याच्या डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका, अंग सुकेपर्यंत त्याला चाटू देऊ नका. मधुमेही कुत्र्याला, अगदी लहान पिल्लाला आणि मांजराला हे वर्ज्य. कुत्रा सुस्त पडला, चालताना झोकांड्या खाऊ लागला तर अंग धुऊन लगेच दवाखाना गाठा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन गुरांच्या औषधांच्या दुकानातून आणून टोचायचा प्रकार मात्र बंद करा. गोचिडांवर ते तसंही कमजोर आहे, आणि कोली (मेंढ्या राखणारी विलायती जात) व त्या वंशाच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतं. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घातल्याने नुकसान नाही, पण चिकटलेला गोचीड त्याने मरत नाही. लसूण खायला घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लसूण-कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात.

घरात मांजर असेल तर आणखी एक गोष्ट. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला विषासारखं आहे. मांजराच्या यकृताला ते नीट फोडता येत नाही. कुत्र्याला लावलेलं सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, नाहीतर मांजर असलेल्या घरात परमेथ्रिन आणूच नका.

भिंती, फरशी, पार्किंग

फवारणीआधी सफाई करा. कुत्र्याची गादी, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गादी खूप जुनी असेल तर टाकून द्या. व्हॅक्यूम क्लीनरचं चपटं तोंड लावून स्कर्टिंग, चौकटी, सोफ्याचे सांधे ओढून घ्या आणि पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर टाका. मग भेगा पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या फवारण्यांपेक्षा याचा उपयोग जास्त. लपायला जागाच नसेल तर मादी अंडी घालणार कुठे?

डेल्टामेथ्रिनची फवारणी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून करून घेणं बरं. त्याला सांगा की नुसती फरशी भिजवू नको, भिंतीला कमरेच्या वरपर्यंत आणि सगळ्या सांध्यांत मार. माशांची टाकी झाकून पंप बंद करा, मांजर आणि पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या घरी हलवा, फरशी पूर्ण सुकेपर्यंत कुत्रा आणि मुलं बाहेर. अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही आणि ती फुटायला काही आठवडे लागतात, म्हणून एका फवारणीत काम होत नाही. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा करा. शेतीचं कीटकनाशक घरात आणू नका, आणि डांबरगोळ्यांचा भुगा कुत्र्याच्या गादीखाली तर मुळीच नको.

सोसायटीत भांडण होतं ते पार्किंगमधल्या कुत्र्यांवरून. ‘गाडी बोलवून उचलून न्या’ हा ठराव लगेच मंजूर होतो, पण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण केलेला भटका कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. आणि समजा कुत्रे गेलेच, तरी खांबांच्या भेगांतले गोचीड कुठे जातात? ते जिन्याने वर यायला लागतात. त्यापेक्षा त्या चार-पाच कुत्र्यांना औषध देणं स्वस्त पडतं. गल्लीतला कुत्रा बहुधा 10 ते 20 किलोंच्या गटात बसतो. जो माणूस रोज खायला घालतो त्याच्याच हातून गोळी द्या, चिकनच्या तुकड्यात किंवा अंड्यात दाबून. कुत्रे एकमेकांपासून लांब बसवा, नाहीतर दांडगा कुत्रा तीन गोळ्या खाईल आणि बाकीचे कोरडे राहतील. तारीख वॉचमनच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर लिहा. त्याच आठवड्यात पार्किंग फवारा, म्हणजे दोन्ही कामं एकमेकांना धरून होतील.

ताप आला तर

गोचिडांतून कुत्र्याला मुख्यतः रक्तातल्या जंतूंचे दोन आजार होतात: एर्लिकिया आणि बबेसिया. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणं दिसतात. आवडतं खाणंही सोडणं, सुस्ती, ताप, हिरड्या फिक्या पडणं, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त, चहासारखी गडद लघवी. यांतलं काहीही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, सुमारे 100.5 ते 102.5 फॅरनहाइट. 103 च्या पुढे गेलं तर दवाखान्यात न्या आणि रक्ततपासणीत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) व रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) बघायला सांगा. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. प्लेटलेट आधीच कमी असताना ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सहसा 28 दिवसांचा असतो. कुत्रा तिसऱ्या दिवशीच उड्या मारायला लागला तरी तो पुरा करा. गोळी खाण्याबरोबर द्या, दुधाबरोबर नको.

माणसाला हा गोचीड क्वचित चावतो, पण चावल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. गोचिडातून होणारा हा ताप, म्हणजे टिक टायफस, वेळेवर ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण गोचिडाचा उल्लेखच झाला नाही तर आठवडाभर डेंग्यू आणि टायफॉइडच्या तपासण्यांत जातो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, गोव्यातल्या सत्तरी भागात ऐकू येणारा माकडताप मात्र वेगळा. तो जंगलातल्या दुसऱ्या जातीच्या गोचिडामुळे पसरतो. त्या पट्ट्यात डिसेंबर ते मे जंगलात जाणाऱ्यांनी पायघोळ कपडे घालावेत आणि अंगाला गोचीडरोधक तेल लावावं. सोबत कुत्रा असेल तर घरात घेण्याआधी अंगणातच त्याचं अंग तपासावं.