उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पाच-सहा दिवसांत जाऊन यायचंय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईकडून जाणाऱ्यांचा बेत साधारण असा असतो: शनिवारी सकाळच्या विमानाने डेहराडून, रात्रीपर्यंत जोशीमठ, रविवारी घांघरिया (व्हॅलीखालचं मुक्कामाचं गाव), सोमवारी व्हॅली, मंगळवारी हेमकुंडचा गुरुद्वारा करून तसंच खाली, बुधवारी परत. कागदावर सगळं बसतं. घोळ होतो तो जोशीमठाच्या अलीकडेच.

ऋषिकेश ते जोशीमठ अंदाजे २५० किलोमीटर. आपल्याकडच्या हायवेच्या हिशेबाने पाच तास, इथे दहा धरा, आणि तेही दरड कोसळली नाही तर. जुलै-ऑगस्टमध्ये सिरोबगडला किंवा पागलनाल्यापाशी डोंगर खाली आला की जेसीबी मलबा उपसेपर्यंत गाडीत बसून राहण्याखेरीज इलाज नसतो. ‘रात्री उशिरा पोचू’ हाही पर्याय नाही, कारण पहाडी रस्त्यावर रात्री गाड्या सोडत नाहीत. दुपारी विमानतळावरून निघणार असाल तर श्रीनगर किंवा रुद्रप्रयागला मुक्काम धरूनच चला. (हे गढवालचं श्रीनगर. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोनवर गोंधळ उडतो.)

एक राखीव दिवस लागतोच, आणि तो बेताच्या शेवटी ठेवा. जाताना अडकलात तर तो व्हॅलीसाठी वापरता येतो, येताना अडकलात तर विमान चुकत नाही. काहीच अडलं नाही, तर जोशीमठाच्या पुढच्या गोविंदघाटहून, म्हणजे जिथून घांघरियाची वाट सुरू होते तिथून, बद्रीनाथ २५ किलोमीटरच्या आसपास आहे. बरोबरच्यांपैकी कोणीतरी ‘एवढं जवळ आलोय तर दर्शन घेऊनच जाऊ’ म्हणणार हे नक्की. त्यांना हा दिवस द्या, व्हॅलीतला देऊ नका.

कास डोक्यात ठेवून जाणं

निराशेचं सगळ्यात मोठं कारण हेच. कासला सप्टेंबरात कातळावर पिवळा कवला आणि निळी-जांभळी सीतेची आसवं पसरली की लांबवर रंगाचा पट्टा दिसतो. व्हॅलीत तसा गालिचा शोधाल तर ‘फोटोत जास्त होतं’ म्हणत परताल. इथली झाडं कमरेएवढी, ऑगस्टात काही डोक्याएवढी, आणि पाच-सहा जातींची फुलं एकमेकांत मिसळलेली. आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद तिथे माणसाच्या उंचीचा होतो. निळी पॉपी हवी असेल तर गवतात नको, दगडांच्या आसपास बघा. ब्रह्मकमळासाठी मात्र हेमकुंडचीच वाट धरावी लागते, आणि तीही ऑगस्टच्या सुमारास.

१९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढरांची चराई थांबली आणि पांढऱ्या तुऱ्यांचं पॉलिगोनम नावाचं झुडूप माजलं. वनखातं ते उपटून काढत असतं, तरी मोठमोठे पट्टे त्याचेच दिसतात. तेव्हा पहिल्या हिरव्या पट्ट्यावरून मत बनवू नका.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, म्हणून ‘सुट्टी संपायच्या आत जूनमध्येच उरकू’ असं काहीजण ठरवतात. जूनमध्ये बर्फाचे पट्टे दिसतील, फुलं थोडीच. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा ऐन बहर, म्हणजे ऐन पाऊसही. सप्टेंबरात आकाश मोकळं होऊ लागतं पण फुलं ओसरतात. दोन्ही एकत्र हवं असेल तर ते मिळत नाही.

उशिरा निघून तोंडावरूनच परतणं

घांघरियात आरामात पराठे खाऊन नऊला निघणारे पुष्कळ. गावाबाहेर थोड्याच अंतरावर हेमकुंडची वाट वेगळी होते आणि डावीकडे वनखात्याची चौकी लागते. तिथून पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतार, मग भूर्जांच्या रानातून दमवणारा दगडी चढ. व्हॅली उघडते ती यानंतर. आत मुक्काम करता येत नाही, दुपारी प्रवेश बंद होतो आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणजे उशिरा निघालेला माणूस नेमका जिथे व्हॅली सुरू होते तिथेच डबा खाऊन मागे फिरतो. फाटक सकाळी सातला उघडतं. त्या वेळी चौकीवर हजर राहा. मार्गरेट लेग या वनस्पतीशास्त्रज्ञ बाई १९३९ साली इथे फुलं गोळा करताना कड्यावरून पडून वारल्या. त्यांच्या समाधीपर्यंत आणि पुढे नदीच्या पात्रापर्यंत जायला मग वेळ पुरतो, आणि बहुतेक गर्दी मागेच राहते.

आत खेचर नेता येत नाही. चालणं जमत नसेल तर पाठीवरच्या कंडीतून, म्हणजे टोपलीतून, नेणारे लोक मिळतात; भाव आधी ठरवा.

सह्याद्रीतला आत्मविश्वास

कळसूबाई १६४६ मीटर. गोविंदघाट, जिथे गाडीतून उतरता, तोच त्याहून उंच आहे. घांघरिया तीन हजारांच्या वर, हेमकुंड चार हजारांच्याही वर. राजमाचीला भिजत चालण्यात मजा असते, इथे भिजलात तर दातखीळ बसते. जीन्स घरी ठेवा. सॅकच्या कव्हरवर भिस्त न ठेवता आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपायला राखा, कारण ओले कपडे घांघरियात वाळत नाहीत. पैसेही रोख न्या. वर एटीएम नाही, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं.

व्हॅली आधी, हेमकुंड दुसऱ्या दिवशी, हा क्रम उलटा करू नका. व्हॅलीतल्या दिवसाने अंगाला उंचीची थोडी सवय होते. पावसामुळे व्हॅलीची वाट बंद ठेवली असेल तरच, आणि बरोबरचे सगळे धडधाकट असतील तर, हेमकुंड आधी उरका. तीही बंद असेल तर गुरुद्वाऱ्यातला चहा घ्या आणि स्वस्थ बसा. चौकीवाल्यांशी हुज्जत घालून नाला ओसरत नाही.

हेमकुंडच्या चढावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर ‘आता थोडंच राहिलंय’ ऐकू नका. तिथूनच वळा. घांघरियात येऊनही रात्रभर उतार पडला नाही, तर सकाळी खेचर करून पुलना गाठा. गोविंदघाटची जीप तिथूनच मिळते.