पोटातल्या बॅक्टेरियांना खायला घाला, पण हळूहळू

वजन वाढलं, शुगर वाढली की आपण लगेच कॅलरी मोजायला लागतो. पण जेवणातला फायबर, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचतच नाही, तो तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले बॅक्टेरिया तो आंबवून खातात. शरीरात एकूण साधारण 38 लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा 2016 चा अंदाज आहे, त्यातले बहुतेक तिथेच. फायबर आंबला की त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी फॅटी अ‍ॅसिड्स तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बरीचशी ताकद ब्युटिरेटमधून मिळते, प्रोपिओनेट लिव्हरकडे जातं, आणि ह्यांच्यामुळेच आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-1 हार्मोन सोडतात, ज्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवणानंतर इन्सुलिन नीट सुटायला मदत होते.

फायबर मिळालाच नाही तर काही बॅक्टेरिया आतड्याला जपणारा चिकट थरच खायला लागतात, उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलंय.

मग करायचं काय? डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम फायबर सांगते. एक कप शिजवलेल्या छोल्यांत साधारण 12 ग्रॅम मिळतो, म्हणजे अवघड काही नाही. पण लोक उत्साहात पहिल्याच दिवशी मोठा बाऊल भरून कडधान्य खातात, रात्री पोट फुगतं, गॅस होतो आणि "मला हे सूट होत नाही" म्हणून सगळंच बंद. असं प्लीज करू नका. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मऊ शिजवा आणि दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. चार-पाच दिवस तेवढंच ठेवा, पोट शांत असेल तरच वाढवा, पाणीही वाढवा नाहीतर उलट शौचाला कडक होतं. थोडाफार गॅस होणारच, आंबवण्याचं काम चालू आहे म्हणून होतो तो.

एकच गोष्ट रोज खाऊ नका, वेगवेगळ्या बॅक्टेरियांना वेगवेगळा फायबर लागतो, त्यामुळे डाळी, भाज्या, फळं, ओट्स, दाणे फिरवत रहा. उकडलेला बटाटा फ्रिजमध्ये गार केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, तोही त्यांना चालतो.

सोबत दही, केफिर (आंबवलेल्या दुधाचं पातळ पेय) असं आंबवलेलं खा. स्टॅनफर्डच्या 2021 च्या छोट्या अभ्यासात 10 आठवडे असे पदार्थ भरपूर खाल्लेल्यांमध्ये बॅक्टेरियांचे प्रकार वाढले आणि शरीरातली सूज दाखवणारी रक्तातली बरीच प्रोटीन्स कमी झाली. चांगल्या बॅक्टेरियांच्या (प्रोबायोटिक) कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी मी तरी हेच करायला सांगेन.

मित्राचा डाएट कॉपी करू नका, इस्रायलमध्ये 2015 साली 800 लोकांवर केलेल्या अभ्यासात सेम जेवणानंतरही प्रत्येकाची शुगर वेगळी वाढलेली दिसली. क्रोहनसारखा आतड्याच्या सुजेचा आजार किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण बदलताना शुगर मोजत रहा, डोस कमी करावा लागू शकतो.