यूएसबीएएसपी प्रोग्रामर एव्हीआर बोर्डाला जोडताना

यूएसबीएएसपी प्रोग्रामर (संगणकावरचा प्रोग्राम चिपमध्ये उतरवणारे छोटे यूएसबी उपकरण) एव्हीआर कुटुंबातल्या एटीमेगा ३२८पी चिपच्या बोर्डाला जोडण्याचे बरेचसे काम संगणकाला हात लावण्यापूर्वीच संपते, आणि चुकाही बहुधा तिथेच होतात. म्हणून जोडणी तपासून होईपर्यंत प्रोग्रामर यूएसबी पोर्टमध्ये लावू नये.

प्रोग्रामरची रिबन केबल साधारणपणे १० पिनांची, तर बोर्डावरचा आयएसपी हेडर (चिप बोर्डावरच ठेवून प्रोग्राम करण्यासाठीच्या पिनांचा संच) अनेकदा ६ पिनांचा असतो; अशा वेळी मध्ये ॲडॉप्टर लावावा लागतो. ६ पिनांच्या हेडरवर १ ते ६ या क्रमाने मिसो (चिपकडून येणारी माहिती), व्हीसीसी (वीजपुरवठा), एससीके (माहितीला ताल देणारा घड्याळ-संदेश), मोसी (चिपकडे जाणारी माहिती), रीसेट आणि ग्राउंड असतात. पहिल्या पिनेजवळ बोर्डावर ठिपका किंवा त्रिकोण छापलेला असतो, तर केबलवर तीच बाजू कडेच्या रंगीत, बहुधा लाल, तारेवरून ओळखता येते. हेडरभोवती खाचेची चौकट नसेल तर कनेक्टर उलटाही सहज बसतो, आणि मग व्हीसीसीचा पुरवठा रीसेटवर व ग्राउंड मिसोवर पोहोचते. तारेच्या रंगावर विसंबण्यापेक्षा प्रोग्रामरपासून बोर्डापर्यंत ग्राउंड जोडलेले आहे की नाही, हे मल्टिमीटरने पाहणे मला अधिक खात्रीचे वाटते.

बोर्डाला वीज एकाच ठिकाणाहून, म्हणजे प्रोग्रामरकडून किंवा बोर्डाच्या स्वतःच्या पुरवठ्यातून, द्यावी. ३.३ व्होल्टच्या बोर्डाबाबत विशेष सावध राहावे, कारण अनेक स्वस्त प्रोग्रामरांवरील जंपर (व्होल्टेज निवडण्याची छोटी टोपी) फक्त व्हीसीसी बदलतो. संदेशाच्या तारांवर ५ व्होल्टच राहतात.

आता प्रोग्रामर संगणकाला जोडावा. विंडोजवर झाडिग हे साधन वापरून ड्रायव्हर बसवावा लागू शकतो. लिनक्सवर बहुधा फक्त उपकरण वापरण्याची परवानगी द्यावी लागते. त्यानंतर एव्हीआरड्यूड या चिप वाचण्या-लिहिण्याच्या सॉफ्टवेअरने काहीही न लिहिता केवळ चिपची ओळख वाचावी. उत्तर १ई ९५ ०एफ आले, तर जोडणी बरोबर आहे.

तारा बरोबर असूनही उत्तर न आल्यास वेगाकडे पाहावे. कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते आणि एससीकेचा वेग तिच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी लागतो. हा प्रोग्रामर मात्र मुळात ३७५ किलोहर्ट्झ वापरतो. एव्हीआरड्यूडच्या मोठ्या बी पर्यायाला १० ही किंमत दिली की वेग पुरेसा उतरतो.

ओळख वाचता येऊ लागली तरी फ्यूज बिट (चिपच्या मूलभूत सेटिंग्ज ठरवणारे बिट) घाईने बदलू नयेत. रीसेट पिन बंद करणारा फ्यूज एकदा लिहिला गेला, की हा प्रोग्रामर त्या चिपपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि मग उच्च व्होल्टेजचा वेगळा प्रोग्रामर आणावा लागतो.