डिक्शनरी तयार करतानाच भरायची: गाडीच्या नंबरावरून जिल्हा

अंबाजोगाईत वडिलांचं गॅरेज आहे. दुरुस्तीच्या नोंदी वहीतून कॉम्प्युटरवर आणताना मला एवढंच हवं होतं की ‘एमएच’पुढचा आकडा टाकला की जिल्ह्याचं नाव यावं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी डिक्शनरी असते, म्हणजे एक दिलं की दुसरं मिळावं अशा जोड्यांची यादी. आधी रिकामी डिक्शनरी करून खाली एकेक ओळ वाढवत बसायची गरज नाही. महिरपी कंसात सगळं एकदाच लिहा:

जिल्हा = {
    20: "छत्रपती संभाजीनगर",
    21: "जालना",
    22: "परभणी",
    23: "बीड",
    24: "लातूर",
    25: "धाराशिव",
    26: "नांदेड",
    38: "हिंगोली",
    44: "बीड",
}

डावीकडं ‘की’ (ज्यावरून शोधायचं ते), मधे कोलन, उजवीकडं ‘व्हॅल्यू’ (जे मिळतं ते), मग स्वल्पविराम. आता जिल्हा[24] विचारलं की ‘लातूर’ मिळतं. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्याचा ३८ रांगेपासून लांब आहे. चालतं, कीचे आकडे सलग असावे लागत नाहीत.

खरा विचार करायचा तो ‘की’ कशाला करायचं याचा. मी आधी उलटं लिहिलं होतं, जिल्हा डावीकडं आणि नंबर उजवीकडं. बीडला २३ आहे आणि आमच्या अंबाजोगाईला ४४, म्हणून ‘बीड’ दोनदा लिहिलं. पायथननं चूक दाखवली नाही, शेवटचा ४४ ठेवला आणि २३ गुपचूप पुसला. बीडच्या गाड्यांपुढं जिल्हा कोराच येऊ लागला आणि कारण शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. एका डिक्शनरीत एक की एकदाच राहते. व्हॅल्यू मात्र कितीदाही येऊ द्या, वर ‘बीड’ दोनदा आहेच. म्हणून जे कधी दुबार होत नाही ते डावीकडं.

मराठी कीबोर्डवर लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. कोलनच्या जागी विसर्ग पडला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण प्रोग्राम अडतो. आणि अवतरणाबाहेर २४ असा देवनागरी आकडा चालत नाही, तिथं 24 च लागतो. व्हेरिएबलचं नाव मात्र ‘जिल्हा’ असं मराठीत खुशाल ठेवा, पायथन ३ ते घेतं.

आणखी एक: 24 आणि "24" या वेगवेगळ्या की आहेत. गाडीचा नंबर मजकूर म्हणून वाचत असाल, तर त्याचा आधी आकडा करून घ्या.

पुढं उदगीरची गाडी आली तर कंस उघडायला नको, खाली एवढंच लिहायचं:

जिल्हा[55] = "लातूर"